न संपणारा तंबोरा: टाइमलाइनवरून पॅचकडे, सहा महिन्यांचा अनुभव

गेली बारा वर्षं मी मिरजेत घराच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम करतो. भजनी मंडळांचे अभंग, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, आणि वर्षाकाठी एखाद्या हौशी नाटकाचं पार्श्वसंगीत. सगळं काम रीपर नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइमलाइनवर. डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट, एकाखाली एक ट्रॅक. पखवाज, टाळ, पेटी, गळा. चुकलं तर कापायचं, पुढे-मागे सरकवायचं. रिळावरच्या टेपचीच ही पद्धत पडद्यावर आली, आणि माझा हात तीवर बसला होता.

१२ जून २०२४ ला आमच्या हौशी नाट्यगटाच्या दिग्दर्शिका ताई खोलीवर आल्या. नवं नाटक दोन अंकी, १ तास ५० मिनिटांचं. आजारी आईच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या दोन बहिणी. आई एकेकाळी गाणारी. घरात तंबोरा आहे आणि तो रात्रभर ऐकू येत राहतो, कधी जवळून, कधी भिंतीपलीकडून आल्यासारखा. मी म्हटलं, सोपं आहे, तंबोऱ्याचा लूप टाकतो. ताई म्हणाल्या, "अरे, मागच्या नाटकात काय झालं आठवतंय ना? पोरगी रडताना थांबली, तिला थांबावंसं वाटलं म्हणून थांबली, आणि तुझं संगीत मात्र पुढे निघून गेलं. या वेळी ते तिच्यासाठी थांबलं पाहिजे."

मागच्या नाटकाचे सगळे क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी वाजवायचे आवाजाचे तुकडे, मी वेव्ह फायली करून दिले होते. प्रत्येकाची लांबी तालमीत घड्याळ लावून ठरवलेली. प्रयोगात मुलीने दहा सेकंद जास्त घेतले आणि क्यू संपून गेला. रिकाम्या शांततेत ती पोरगी एकटी उभी राहिली. ते मला आजही आठवतं. म्हणून मी ताईंना हो म्हटलं, पण कसं करायचं याची मला काहीच कल्पना नव्हती.

जूनचा उरलेला महिना वाचण्यात आणि व्हिडिओ बघण्यात गेला. मॉड्युलर पद्धतीत टाइमलाइन नसते. छोटी छोटी खोकी असतात. एक सूर काढतं, एक तो गाळतं, एक ठोका देतं, एक कमी-जास्त करतं. वायरींनी त्यांना जोडायचं. या जोडणीला पॅच म्हणतात. सुरुवात-शेवट नाही, चालू केलं की चालत राहतं आणि तुम्ही त्याला वळण देत राहता. १९६०च्या दशकात मूग आणि बुकला यांची खरी यंत्रं अशीच होती. हे सगळं परदेशातलं असं मी धरून चाललो होतो, पण १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूगची यंत्रणा उभी केली होती, आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी तिच्यावर काम केलं होतं. आपल्याकडे घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी! हे वाचून मला फार बळ आलं.

सॉफ्टवेअरमध्येही ही कल्पना जुनी आहे. २००० साली आलेल्या रीझन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबला की रॅक उलटा होऊन मागच्या वायरी दिसायच्या. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरला २००९ मध्ये मॅक्स फॉर लाइव्हची जोड मिळाली, त्यात खोकी वायरींनी जोडता येतात. बिटविग या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये २०१९ साली अशीच खोकी जोडायचा ग्रिड आला. आता टाइमलाइनवाल्या अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात कुठेतरी वायरी आहेतच. मी मात्र व्हीसीव्ही रॅक निवडलं, म्हणजे ही मॉड्युलर खोकी संगणकावर जोडायचं सॉफ्टवेअर. ते २०१७ मध्ये आलं, मोफत आणि मुक्त आहे. शिकताना फसलो तर वेळ जाईल, पैसे जाणार नाहीत, एवढाच विचार.

पहिले तीन आठवडे वाईट गेले, हे सांगायलाच हवं. बारा वर्षांचा हात आणि पडद्यावर काहीच ओळखीचं नाही. सूर काढणारं खोकं टाकलं, आवाजाच्या खोक्याला जोडलं, तर एक सपाट भोंगा सुरू झाला आणि थांबेना. तो कुठेतरी थांबवायला आणखी दोन खोकी लागतात, हे कळायला एक संध्याकाळ गेली. टाइमलाइनवर शांतता आपोआप मिळते, तिथे आपण आवाज टाकत जातो. इथे उलटं होतं: आवाज आधीपासून वाहत असतो आणि शांतता आपल्याला बांधावी लागते. हे लक्षात आलं त्या रात्रीपासून मला थोडं जमायला लागलं. नव्याने शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन, की पहिला महिना चारच खोकी वापरा. रॅकच्या लायब्ररीत हजारो मोफत मॉड्यूल, म्हणजे ही खोकीच, आहेत. ती चाळत बसलात तर रात्री संपतील, पॅच होणार नाही.

मग सुराची अडचण आली. रॅकमध्ये स्वर व्होल्टमध्ये मोजतात, एक सप्तक म्हणजे एक व्होल्ट. बारा सारखे भाग केले तर पंचम सातव्या भागावर येतो, म्हणजे षड्जाच्या वर ०.५८३ व्होल्ट. पण तंबोऱ्याचा पंचम दोनास तीन या प्रमाणाचा, तो ०.५८५ वर असतो. फरक केवढा, तर दोन सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). कागदावर काहीच नाही. पण तंबोरा तासभर कानात राहणार असेल तर त्या दोन सेंटमुळे सूर हळूहळू हेलकावे खातो, आणि कारण न कळता अस्वस्थ व्हायला होतं. मी स्वर नीट बसावेत म्हणून क्वांटायझर नावाचं खोकं लावलं होतं आणि तेच पंचमाला बारा भागांच्या जागेवर ओढत होतं. ते काढलं, आकडा हाताने टाकला, आणि हेलकावा थांबला. गंधाराच्या बाबतीत तर हा फरक जवळजवळ चौदा सेंटचा होतो. आपल्या संगीतासाठी पॅच करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या दिवशी तपासावी.

२० जुलैला, शनिवारी, मी लॅपटॉप घेऊन सतारमेकर गल्लीत एका ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांच्या घरात तीन पिढ्या तंबोरे घडवले जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गल्लीत जरा उत्साहाचं वातावरण होतं. माझा तंबोरा रेझोनेटर नावाच्या मॉड्यूलवर केला होता, चार तारांसाठी चार खोकी. काकांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, दोनेक मिनिटं ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "सूर बरोबर आहे बाळा. पण जवारी नाही."

जवारी म्हणजे तार घोडीला निसटती लागून येणारा झंकार. तो दाखवायला काकांनी शेजारचा तंबोरा मांडीवर घेतला. घोडीवर तारेखालचा दोरा नखाने केसभर मागे सरकवला आणि तार छेडली: आवाज बंद, लाकडी. पुन्हा केसभर पुढे घेतला आणि छेडली. तीच तार, तोच हात, पण आवाज उघडला, आणि तो विरत असताना त्यातून एकेक वरचा स्वर सुटत गेला, शेवटी गंधार. "ही उघडते बघ," काका म्हणाले. तेव्हाच मला कळलं, की हे मी खोक्यांतून काढायला बसलो तर डिसेंबर उजाडेल. आवाज खऱ्या तंबोऱ्याचाच हवा. पॅचने फक्त कधी आणि किती वाजायचं ते सांभाळावं.

ऑगस्टमध्ये दोन कामं झाली. एक, रॅकची प्रो आवृत्ती घेतली. मोफत आवृत्ती स्वतंत्रच चालते; ती रीपरच्या आत प्लगइन म्हणून चालवायची तर प्रो लागते, तेव्हा किंमत १४९ डॉलर होती. ५ ऑगस्टला पैसे भरायला गेलो तर कार्ड नाकारलं. दोनदा. कारण साधं निघालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १६ मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, आपण मागितल्यावर सुरू होतात. माझं कार्ड गेल्या वर्षी बदललं होतं. बँकेच्या ॲपमध्ये ते सुरू केलं, मर्यादा वाढवली, पण बदल लागू व्हायला दोन दिवस गेले. रुपयांत डॉलरचा भाव, त्यावर बँकेचा परदेशी व्यवहाराचा अधिभार, आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, असं मिळून सुमारे १३,००० रुपये गेले. काम झाल्यावर परदेशी व्यवहाराचं बटण पुन्हा बंद करा. आणि पावतीचा ईमेल जपून ठेवा. गटाच्या हिशेबात मला ती पुढे दोनदा द्यावी लागली.

दुसरं काम तंबोऱ्याचं. पाऊस थांबत नव्हता आणि माझ्या खोलीवर पत्रा आहे. तीन शनिवार वाट पाहिली. २४ ऑगस्टला रात्री अकराला उघडीप मिळाली. काकांनी तंबोरा काळी चारला लावून दिला आणि स्वतःच छेडायला बसले. एकेक तार वेगळी, छेडली की पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढची छेड. प्रत्येक तारेच्या २४, अशा एकूण ९६. रात्रीचे अडीच वाजले. काका ७१ वर्षांचे आहेत, एकदाही घाई केली नाही. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. "प्रयोगाला दोन खुर्च्या ठेव," म्हणाले.

गणपतीत सगळंच बंद होतं, सतरा सप्टेंबरपर्यंत कुणी तालमीला आलं नाही. त्यानंतर पॅच उभा राहिला. नमुने वाजवणाऱ्या एका मोफत मॉड्यूलमध्ये प्रत्येक तारेच्या चोवीस छेडी. पॅच त्यांतली एक दर वेळी यदृच्छया उचलणार. पंचम, जोड, जोड (मधल्या षड्जाच्या दोन तारा), खर्ज (खालचा षड्ज), मग थोडा श्वास. दोन छेडींमधलं अंतर दर वेळी किंचित वेगळं, कारण माणसाचं बोट तसंच चालतं. हे किंचित किती असावं यावर मी आठवडा घालवला. फार ठेवलं तर नवशिक्याने छेडल्यासारखं वाटतं, आणि अजिबात नसलं तर कान पाच मिनिटांत ओळखतो. आठ फेडरचा, म्हणजे आठ सरकत्या बटणांचा, एक जुना मिडी कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायचं यंत्र) साडेतीन हजारांना घेतला. पहिला फेडर गतीला, दुसरा एकूण आवाजाला, तिसरा पंचम, चौथा जोड, पाचवा खर्ज, सहावा भिंतीपलीकडचा बंद आवाज, सातवा घुमारा. आठवा मोकळा.

आता माझी सर्वांत मोठी चूक.

२६ सप्टेंबर, गुरुवारची तालीम. पहिल्या अंकाच्या शेवटी धाकटी बहीण आईचे केस विंचरते, शब्द नाहीत. मी फेडर हळूहळू खाली-वर करत होतो. कशी कोण जाणे, त्या दिवशी एक छेड अशी आली, की तिचा हात केसांत अडकला आणि त्याच क्षणी खर्ज वाजला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. हॉलमधले आम्ही नऊजण हलायचे थांबलो. तालीम संपल्यावर ताई म्हणाल्या, "हेच. हेच ठेव."

मी हो म्हटलं. घरी येऊन पॅच उघडला. सगळे फेडर तिथेच, सगळी खोकी तिथेच. पण ते परत येईना. पॅच म्हणजे जोडणी. त्या संध्याकाळी काय वाजलं हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. छेड यदृच्छया आली होती आणि गेली होती. टाइमलाइनवर असं कधीच घडत नाही. तिथे जे वाजलं ते तिथेच असतं, उद्या आणि दहा वर्षांनीही. मी रात्री दोनपर्यंत बसलो, आणि शुक्रवारी ताईंना सांगितलं की गुरुवारचं माझ्याकडे नाही. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग मुलीला काय सांगू?" ते मला फार लागलं.

त्या दिवसापासून एक नियम केला आणि तो तुम्हालाही सांगतो: पॅच सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करायचं. रीपरमध्ये एक ट्रॅक कायम रॅकचा आवाज टिपत राहतो, तालीम असो वा एकट्याने केलेला प्रयोग. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओला तासाला साधारण एक जीबी जागा लागते. एवढ्या जागेसाठी कंजुषी करू नये.

या चुकीमुळेच पुढचा निर्णयही झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि ताई नव्या नाटकाच्या ४३ क्यूंचा तक्ता घेऊन बसलो. प्रत्येक क्यूपुढे एकच प्रश्न: हे दर प्रयोगाला तसंच हवं, की नटीबरोबर बदलायला हवं? दारावरची थाप, रेडिओ, पहाटेचा दूधवाला, दोन अंकांमधलं संगीत हे तसंच हवं. ३१ क्यू टाइमलाइनवर राहिले. १२ पॅचवर गेले, सगळे तंबोऱ्याचे. केस विंचरण्याचा प्रसंग पॅचवरच ठेवला, पण खर्जाची छेड यदृच्छेवर न सोडता माझ्या हातात घेतली. मोकळा आठवा फेडर त्या कामी आला: तो वर गेला की फक्त खर्ज, एकदाच.

एक स्वप्नदृश्य आहे, त्यात झपतालाचा पखवाज. सुरुवातीच्या उत्साहात तोही मी पॅचवर बांधला होता, दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रा, लय फेडरवर. आमच्या मंडळाचे पखवाजवाले अण्णा ऐकून म्हणाले, "मात्रा आहेत रे, पण समेवर यायची ओढच नाही." बरोबर होतं. अण्णांना बसवलं, दोन टेक घेतले, टाइमलाइनवर लावले. वीस मिनिटांत काम झालं. माझ्या मते ठेका धरणाऱ्या माणसाचं काम पॅचकडे देऊ नये, निदान अण्णा हाताशी असताना तरी.

ऑक्टोबरभर तडतडीने त्रास दिला. आवाजात मधूनच कागद फाटल्यासारखं व्हायचं. रॅम कमी पडत असेल म्हणून २,९०० रुपयांची रॅम वाढवली, आणि काहीच फरक पडला नाही. एफ-३ दाबलं की प्रत्येक मॉड्यूल प्रोसेसर किती खातं ते दिसतं, हे आधी केलं असतं तर ते पैसे वाचले असते. घुमाऱ्याची दोन खोकी निम्मी ताकद खात होती. ती काढून घुमारा रीपरच्या ट्रॅकवर टाकला आणि बफर (संगणक आवाज पुढे देण्याआधी जेवढा साठवतो तो तुकडा) १२८ वरून ५१२ सॅम्पलवर नेला. म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंदांचा उशीर. वाद्य वाजवणाऱ्याला जाणवेल, फेडर सरकवणाऱ्याला नाही. तडतड बंद.

नोव्हेंबर कागदपत्रांचा. संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची धावपळ ताईंनीच केली. माझ्याकडे गटाने मागितला खर्चाचा हिशेब: प्रो आवृत्ती १३,०००, कंट्रोलर ३,५००, रॅम २,९००, आणि नंतर डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि ध्वनियंत्रणेच्या मध्ये जोडायचा डबा) १,८००. एकूण २१,२००. गटाने त्यातले ८,००० दिले. बाकीचं माझ्याकडेच राहणारं सामान आहे, त्यामुळे तक्रार नाही. २४ नोव्हेंबरच्या रंगीत तालमीत लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायचा. तंबोऱ्याच्या नाटकात हा आवाज म्हणजे पाचवी बेसूर तारच. डीआय बॉक्सवर ग्राउंड तोडायचं बटण असतं, ते दाबल्यावर तो गेला. लॅपटॉप घेऊन नाटकाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हा डबा असावा.

बॅटरी, पंखा, अपडेट, वायफाय, सगळं तपासून १ डिसेंबरला रविवारी सकाळी विंगेत टेबल लावलं. वाईटात वाईट घडलं तर काय, यासाठी रंगीत तालमीचं संपूर्ण रेकॉर्डिंग टाइमलाइनवर तयार ठेवलं होतं. पॅच बंद पडला असता तर एका बटणावर ते सुरू झालं असतं. त्याची गरज पडली नाही, पण ते आहे म्हणूनच माझा हात थरथरला नाही. तिसऱ्या घंटेच्या आधी पडद्याच्या फटीतून पाहिलं, काका तिसऱ्या रांगेत काकूंसोबत बसले होते.

नाटकाच्या शेवटी आई जाते. तंबोरा कसा थांबावा, हा प्रश्न जूनपासून होता. टाइमलाइनवर मी आवाज हळूहळू कमी केला असता. पण खऱ्या घरात तंबोरा असा विरत नाही, हात थांबतो. म्हणून तारा एकेक करून काढायच्या ठरल्या. थोरली बहीण आईच्या कपाळावर हात ठेवते, तिसरा फेडर खाली: पंचम गेला. ती धाकटीकडे बघते, चौथा फेडर: जोड गेली. आता फक्त खर्ज, बऱ्याच अंतराने एक छेड. तालमीत ही शांतता पंधरा-वीस सेकंदांची असायची. प्रयोगात मुलीने हात उचललाच नाही. मी घड्याळ बघत नव्हतो. रेकॉर्डिंगमध्ये नंतर मोजलं, ४६ सेकंद. खर्ज पाच वेळा आला. मग तिचा हात खाली गेला आणि मी पाचवा फेडर घेतला.

पडदा पडल्यावर काका विंगेत आले. काही बोलले नाहीत, माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग विचारलं, "खर्ज पाचव्यांदा वाजला, ती माझ्या चोवीसांतली सोळावी छेड होती की सतरावी?" रात्री घरी जाऊन मी लावून पाहिलं, सापडलं नाही.

पुढचा प्रयोग जानेवारीत कोल्हापूरला आहे आणि त्या दिवशी मला लग्नाला बेळगावला जायचंय. फेडरवर आमच्याच गटातला एक कॉलेजचा मुलगा बसेल. त्याच्यासाठी पानभर सूचना लिहिल्यात: आधी रेकॉर्ड दाबायचं, मग पॅच उघडायचा; चार्जर डीआयनंतरच लावायचा; कुठल्या वाक्याला कुठला फेडर. शेवटच्या प्रवेशापुढे आधी सेकंद लिहिले होते, ते खोडले. आता तिथे एवढंच आहे, की थोरल्या बहिणीचं काम करणाऱ्या वर्षाकडे बघत राहा, तिचा हात खाली जाईपर्यंत पाचव्याला हात लावू नकोस.